वर्गणी कोणत्या खात्यात?

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची मी सहा वर्षं खजिनदार होते. त्या काळात मी एक निर्णय सुचवला, सभेत उभी राहून पटवून दिला, एकमताने मंजूर करून घेतला, आणि तो चुकला. सुचवताना मी चांगली दहा मिनिटं बोलले होते. चुकल्याचं मात्र आजवर कोणापुढे बोलले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

वाचनालय सातारा जिल्ह्यातलं, 'ब' वर्गाचं. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मिळणारं अनुदान आणि सभासदांची फी, एवढ्यावर चालणारं. ग्रंथपालाचा पगार, वीज, पुस्तकखरेदी आणि रंगरंगोटी वजा जाता नियतकालिकांसाठी जे उरतं, त्यात कसरत करावी लागते. मी सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढलेली. त्यामुळे हे पद माझ्याकडे आपसूक आलं आणि मीही ते आवडीने घेतलं. आकडा दिसला की भागाकार करायचा, ही हाताला लागलेली सवय होती.

२०१७च्या ऑगस्टमध्ये एका इंग्रजी वृत्तसाप्ताहिकाचा प्रतिनिधी वाचनालयात आला. तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली तर छापील किमतीच्या साठ टक्के सवलत, शिवाय चाकांची प्रवासी बॅग भेट. संस्थेला बॅग घेऊन काय करायचं, असं ग्रंथपाल म्हणाले, तेव्हा त्याने बॅगेऐवजी भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. आमचं जुनं घड्याळ वर्षभर बंदच होतं.

मी तिथेच कागद घेतला. तीन वर्षांचे अंक १५६. भागाकार केला तर एक अंक वडापावपेक्षा स्वस्त पडत होता. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, देशभर पसरलेले वार्ताहर. दुसऱ्या बाजूला आमच्याकडे येणारी तीन मराठी नियतकालिकं: एक साप्ताहिक, एक पाक्षिक, एक मासिक. कागद साधा, चित्रं काळीपांढरी, आणि सवलत एका पैशाची नाही. वर्षाच्या सुरुवातीला त्यांचं पोस्टकार्ड यायचं, 'आपली वर्गणी संपत आहे.' मी चौघांच्याही अंकामागे पडणाऱ्या किमती काढल्या, एकाखाली एक मांडल्या आणि सभेपुढे ठेवल्या. तिन्ही मराठी अंक बंद करायचे, त्या पैशात इंग्रजी साप्ताहिक घ्यायचं आणि उरलेल्या रकमेत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. कोणाला काही खोट दिसली नाही. मलाही दिसली नाही. वाचनाच्या टेबलाच्या वर, भिंतीवर बरोबर मधोमध घड्याळ लागलं.

इंग्रजी साप्ताहिकाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगते. अंक वेळेवर येत. त्यातलं काही मी स्वतः घरी नेऊन वाचलं आणि ते चांगलं होतं. अडचण आमच्याकडे होती. अंक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात यायचा. ते पाकीट कोणीतरी फाडावं लागतं, आणि पहिल्या काही महिन्यांनंतर ते फाडायचं काम ग्रंथपालांवर आलं. कोणी मागितला तर फाडायचा, असं ठरलं, आणि मागणारं फारसं कोणी नव्हतं. परीक्षांची तयारी करणारी मुलं इंग्रजी वाचत, पण त्यांना हवे असत 'योजना' आणि 'लोकराज्य'. परीक्षेला काय येतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडत होती, जी माझ्या तक्त्यात कुठेच नव्हती.

एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर दर मंगळवारी वाचनालयात येत. वय सत्तरीच्या पुढचं. मराठी साप्ताहिक मंगळवारच्या टपालाला येई, म्हणून मंगळवार. आल्यावर ते आधी अंक उघडत नसत. अंकाला गुंडाळलेली कागदी पट्टी सोडवून उजेडाकडे धरत, तिच्यावरचा टपालाचा शिक्का वाचत आणि ग्रंथपालांना सांगत, "पुण्याहून चार दिवस." कधी पाच, कधी तीन. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा पाळलेल्या माणसाची ती नोंद असायची. मग पट्टीची बारीक घडी करून ती खुणेसाठी अंकात घालत. वाचायला सुरुवात मागून, वाचकांच्या पत्रांपासून. अंगठ्याचं नख ओळीखालून सरकत जाई. पूर्ण अंक एका बैठकीत होत नसे. घडी ठेवलेल्या पानापासून पुढचं गुरुवारी.

अंक बंद झाल्यावर ते दोन मंगळवार आले. नंतर आले नाहीत. हे मला ग्रंथपालांनी सांगितलं आणि मी ऐकून सोडून दिलं. दोन-तीन महिन्यांनी एस.टी. स्टँडवर भेटले तेव्हा मी विचारलं, "काका, दिसत नाही वाचनालयात?" ते म्हणाले, "अंक येत नाही म्हटल्यावर मंगळवार कशाला धरू, ताई?" आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मी त्यांना नवीन घड्याळाबद्दल आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांबद्दल सांगितलं. ते मान हलवत राहिले. गाडी लागली आणि ते गेले.

त्या दिवशी मला काही उमगलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. एका माणसासाठी साप्ताहिक चालू ठेवणं संस्थेला परवडत नाही, हेच मी स्वतःला सांगितलं.

पहिला धक्का बसला तो रद्दीच्या दिवशी. २०२०मध्ये तीन वर्षं संपली. मधे लॉकडाउन झालं, वाचनालय काही महिने बंद राहिलं, ते हिवाळ्यात उघडल्यावर आम्ही कपाटं आवरली. इंग्रजी साप्ताहिकाचे गठ्ठे बाहेर काढले. लॉकडाउनमधले अंक बाजूला ठेवले तरी पाकीटबंद अंक एकेचाळीस निघाले. मी ते दोनदा मोजले. रद्दीवाल्याने पाकिटं फाडूनच द्या म्हणून सांगितलं, तेव्हा ग्रंथपाल आणि मी समोरासमोर बसून एकेक पाकीट फाडत गेलो. आतला कागद तसाच कोरा करकरीत, छपाईचा वास अजून गेलेला नव्हता. तीन वर्षांपूर्वीच्या बातम्या आणि कोणाची नजर न पडलेले फोटो. वजनकाट्यावर टाकताना रद्दीवाला म्हणाला, "याला भाव कमी. गुळगुळीत कागदाची पुडी बांधता येत नाही."

अंकामागे किती, हा माझा भागाकार तिथे मोडला. मी छेदात १५६ धरले होते. तिथे यायला हवे होते वाचलेले अंक. हिशेबाच्या माणसाने करावी अशी ही चूक नव्हती.

पण त्यातून मी जो निष्कर्ष काढला, तोही चुकीचाच होता. वर्गणी भरणं म्हणजे आगाऊ पैसे देऊन रद्दी घेणं, असं मी म्हणू लागले. बातम्या फोनवर फुकट मिळतात, मग सवलतीत काय आणि पूर्ण किमतीत काय, कुठलाच अंक घेऊ नये. हे मी मैत्रिणींना सांगितलं, भावाला सांगितलं. दोघी-तिघींनी माझं ऐकून घरचे अंक बंदही केले. त्यांतल्या एकीला मी अलीकडेच फोन करून माझं म्हणणं मागे घेतलं.

माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिक्षक होते. २०२१मध्ये ते गेले. त्यांच्या ट्रंकेत जमाखर्चाच्या वह्या निघाल्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, १९६०च्या दशकापासूनच्या. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि खर्चाची खाती वर्षानुवर्षं तीच: किराणा, दूध, कापड, औषध, शाळा, प्रवास. सगळ्यांच्या खाली शेवटचं खातं 'देणे'. उधारी असेल असं आधी वाटलं. नीट पाहिलं तर त्यात होत्या गणपतीची वर्गणी, तालमीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, कोणाच्या लग्नातला आहेर. आणि त्याच रांगेत, त्याच शाईत, 'साधना' आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत'.

बँकेत माझं काम हेच होतं: कुठली रक्कम कुठल्या खात्यात जाते ते पाहणं. एक रक्कम चुकीच्या खात्यात पडली की पुढचा सगळा ताळेबंद खोटं बोलायला लागतो. वडिलांनी मासिकाचे पैसे 'शाळा'मध्ये किंवा 'इतर'मध्ये लिहिले असते तर मी पान उलटलं असतं. 'देणे'मध्ये पाहिल्यावर मी ट्रंकेशेजारी बराच वेळ बसून राहिले. मी वाचनालयात ती रक्कम 'खरेदी'खाली टाकली होती. माझं सगळं पुढचं गणित तिथून चुकत गेलं होतं.

नंतर सुचलं ते इतकं साधं की आधी कसं सुचलं नाही, याचं नवल वाटलं. आपल्या भाषेत दोन्हींना शब्द एकच आहे. गणपतीला देतो ती वर्गणी, मासिकाला भरतो तीही वर्गणी. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात तेव्हा कोणी विचारत नाही की तीन वर्षांची एकदम दिली तर किती टक्के कमी कराल. साताऱ्याकडच्या माणसाला हे जास्त कळायला हवं. 'रयत'चे संस्थापक कर्मवीर अण्णा यांची वसतिगृहं ज्या मुष्टिफंडावर उभी राहिली, त्यात घराघरातल्या बायकांनी मूठमूठ धान्य काढून ठेवलं. त्या मुठीच्या बदल्यात त्यांना काय मिळालं, असा भागाकार कोणी केला नाही. केला असता तर माझ्या वडिलांची शाळा उभी राहिली नसती, आणि मी आकडे शिकले नसते.

वह्यांमधल्या एका नोंदीकडे मी पुन्हा पुन्हा परत गेले. दरवर्षी 'साधना' एका वर्षाची. फक्त १९७५ साली दोन वर्षांची, आणि तीही वर्गणी संपायला अजून अवकाश असताना. शेजारी काही टीप नाही. वडील टिपा लिहीत नसत. पण तारीख जुलैची आहे. जूनच्या अखेरीस आणीबाणी लागली होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला होता. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ला सुरू केलेलं आणि तेव्हा यदुनाथ थत्ते चालवत असलेलं ते साप्ताहिक सरकारच्या विरोधात उभं होतं. पुढचा अंक निघेल की नाही, याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. नेमक्या त्या महिन्यात आमच्या वडिलांनी, घरात आम्ही चार भावंडं शिकत असताना, दुप्पट पैसे मनिऑर्डरने पाठवले. खरेदी करणारा माणूस दुकान बंद पडण्याची चिन्हं असताना आगाऊ पैसे देत नाही.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. सवलत कोण देतं आणि ती कोणाच्या खिशातून येते, हे समजून घेतलं. रंगीत वृत्तसाप्ताहिकाचा एक अंक तयार करायला कागद, छपाई, टपाल आणि वार्ताहरांचे पगार मिळून जो खर्च येतो, तो छापील किमतीतही भरून निघत नाही. साठ टक्के सवलतीत तर कागदही सुटणं मुश्कील. बाकीचं भरतो जाहिरातदार. आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते खपाच्या आकड्याकडे बघून. हा आकडा तपासणारी ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्थाही आपल्याकडे १९४८ सालीच स्थापन झाली. म्हणजे आमचं वाचनालय त्या साप्ताहिकाच्या यादीत एक नग म्हणून मोलाचं होतं. आमच्या टेबलावरची पाकिटं फाडली जात होती की नाही, याने त्या हिशेबात काही फरक पडत नव्हता. यात फसवणूक नाही. तो व्यवहाराचा एक उघड प्रकार आहे आणि त्यातून चांगली पत्रकारिताही उभी राहिलेली आहे. पण त्या व्यवहारात मी वाचक म्हणून नव्हतेच.

बंद केलेल्या मराठी साप्ताहिकात जाहिराती मोजून तीन-चार असत. तिथे वर्गणीदाराने पैसे दिले नाहीत तर ते देणारं दुसरं कोणी नव्हतं. टपाल खात्याच्या १८९८च्या कायद्यात एक कलम होतं. नियतकालिकाला 'नोंदणीकृत वृत्तपत्र' म्हणून स्वस्त टपालदर हवा असेल, तर ते ३१ दिवसांच्या आत नियमित निघालं पाहिजे आणि त्याच्याकडे वर्गणीदारांची खरीखुरी यादी असली पाहिजे. त्या दराने ५० ग्रॅमपर्यंतचा अंक वर्षानुवर्षं २५ पैशांत देशाच्या कुठल्याही टोकाला जात होता. खरीखुरी यादी, हे शब्द मला फार आवडतात. इंग्रज सरकारने केलेला कायदा, पण त्यालाही कळत होतं की छापलेल्या कागदांना वृत्तपत्र म्हणायचं तर पलीकडे खरी माणसं असावी लागतात. आमचं वाचनालय त्या यादीत पंचवीसहून अधिक वर्षं होतं. ते नाव मी खोडलं.

मी बंद केलेल्या तिघांपैकी पाक्षिक पुढे दोन वर्षांनी थांबलं. निरोपाचा अंक त्यांनी जुन्या वर्गणीदारांनाही पाठवला, त्यात आम्हीही होतो. ते आमच्यामुळे थांबलं नाही, एवढं मला कळतं. आमच्यासारख्या कितीतरी जणांच्या मिळून थांबण्याने ते थांबलं, आणि त्या कितीतरी जणांत आम्ही होतो, हेही कळतं. त्या अंकात संपादकांनी कोणालाही दोष दिला नव्हता. फक्त शिल्लक वर्गणी परत हवी असल्यास कळवा, असं म्हटलं होतं.

एवढं झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले, हेही सांगायला हवं. सवलत म्हणजे वाईट, असं मनाशी पक्कं केलं. गेल्या वर्षी वाचनालयासाठी ते मराठी साप्ताहिक पुन्हा सुरू करायचं ठरवलं. खजिनदारपद तोवर दुसऱ्याकडे गेलं होतं, म्हणून पैसे माझेच. आधी पत्र लिहून नमुना अंक मागवले. चार आले. या वेळी अंकाची किंमत काढली नाही. चारही अंक टेबलावर ठेवले, ग्रंथपालांना सांगितलं की कोण काय वाचतं ते फक्त पाहा. पंधरा दिवसांत चारही अंकांचे कोपरे दुमडले होते. एकातलं ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेबद्दलचं पान कोणीतरी फोनवर फोटो काढून नेलं होतं, आणि परीक्षेच्या दोन मुलांमध्ये सहकाराच्या एका लेखावरून वाद झाला होता. मला पुरेसं होतं.

मी कार्यालयात फोन केला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "एका वर्षाची भरताय की तीन वर्षांची? तीनची भरलीत तर थोडी सवलत आहे, दहा टक्के."

मी म्हटलं, "सवलत नको. एका वर्षाचे पूर्ण पैसे पाठवते. दरवर्षी भरत जाईन."

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या मनात काय आहे ते कळलं मला. पण तीन वर्षांची भरलीत तर आम्हालाच बरं पडतं. कागद एकदम घेता येतो. आणि दर वर्षी आठवणीचं पत्र, मग फोन, मग दुसरं पत्र, हे सगळं मी एकटी करते. ते वाचतं. सवलत त्याचीच आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. साठ टक्क्यांची सवलत मी पाहिली होती. ही दहा टक्क्यांची वेगळ्या जातीची होती. एका माणसाचा वाचलेला वेळ त्यांनी माझ्याबरोबर वाटून घेतला होता. १९७५च्या त्या नोंदीत वडिलांनी दोन वर्षांचे पैसे का भरले, तेही मला त्या फोनवर पुन्हा एकदा नव्याने समजलं. अडचणीतल्या माणसाला पैसा हातात आज लागतो.

तीन वर्षांची भरली. त्यांनी पत्ता विचारला, मी वाचनालयाचा दिला. "जुने वर्गणीदार होतात का तुम्ही?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. "मग मधे का बंद झाली?" मी म्हटलं, मी बंद केली होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, फक्त पिनकोड पुन्हा एकदा वाचून दाखवला.

कंडक्टरकाका आता गावात नाहीत. मुलीकडे इचलकरंजीला असतात, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि छोटी अक्षरं दिसत नाहीत, असं त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. मी उशीर केला.

पहिला अंक मंगळवारी नाही, बुधवारी आला. मी तिथेच होते. ग्रंथपालांनी कागदी पट्टी सोडवली, खिडकीपाशी जाऊन उजेडाकडे धरली आणि शिक्का वाचला.

"पुण्याहून पाच दिवस," ते म्हणाले.